हट्टी, लाजाळू की चळवळं? स्वभाव ओळखून मुलाला स्वतःला आवरायला कसं शिकवायचं

पहिलं बाळ शांत निघालं की आईबाप स्वतःवर भारी खूश असतात. वेळेवर झोपतं, पाहुण्यांकडे जातं, पेज भरवली की गपगुमान गिळतं. आपणच वळण चांगलं लावलं, असं त्यांना मनापासून वाटत असतं. मग दुसरं येतं. तीच आई, तोच पाळणा, तीच अंगाई, आणि हे बाळ मात्र कुकरच्या शिटीला दचकून अर्धा तास रडतं. तेव्हा कुठे लक्षात येतं की पहिल्या खेपेचं सगळं श्रेय आपलं नव्हतं. तसा दुसऱ्या खेपेचा सगळा दोषही आपला नसतो, पण हे घरातल्या मोठ्यांना पटवणं जास्त अवघड.

मी पाळणाघर चालवते. एकाच सतरंजीवर बसलेली, एकाच वयाची मुलं किती निरनिराळी असतात ते रोज डोळ्यांसमोर असतं. आईबापांचे प्रश्न मात्र ठरलेले: ‘हा इतका हट्टी का?’, ‘ही कुणाकडेच का जात नाही?’, ‘आमचं काही चुकतंय का?’ हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि जन्मापासून साधारण सहाव्या वर्षापर्यंतच्या मुलांबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ साली तान्ह्या बाळांचा एक अभ्यास हाती घेतला आणि १३३ मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. मूल बिघडलं की तज्ज्ञमंडळी थेट आईकडे बोट दाखवायची, असा तो काळ. या दोघांना दिसलं ते असं की पहिल्या काही महिन्यांतच बाळांच्या वागण्याची एक ठेवण दिसू लागते. त्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के मुलं ‘सोपी’ होती, १० टक्के ‘अवघड’, १५ टक्के हळूहळू रुळणारी, आणि उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात नीट न बसणारी. शेवटचा आकडा लोक विसरतात. आपलं मूल कोणत्या गटातलं हे ठरवण्याच्या नादात एक तृतीयांशाहून जास्त मुलं कुठल्याच गटातली नव्हती हे राहून जातं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळी ‘अवघड’ बाळं पुढे त्रासदायक झाली नाहीत. कुणाचं काय होणार हे मुलाची ठेवण आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही यावर बरंचसं ठरत होतं. पुढे मेरी रॉथबार्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वभावाची दोन अंगं मांडली: मूल किती पटकन आणि किती जोरात पेटतं हे एक, आणि पेटल्यावर स्वतःला कसं सावरतं हे दुसरं. पहिलं बरंचसं जात्याच येतं. दुसरं हळूहळू घडत जातं आणि आपला हात लागतो तो तिथेच.

पायरी १ : दोन आठवडे फक्त बघा

उपाय शोधायच्या आधी निरीक्षण करा. पण तीन महिन्यांच्या आत कसलाही शिक्का मारू नका. तान्ह्या बाळांचं रडणं पहिल्या काही आठवड्यांत वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. संध्याकाळी तर जास्तच. पाचव्या आठवड्यातल्या बाळाला ‘किरकिरं’ म्हणणं म्हणजे नवीन सुनेला पहिल्याच दिवशी ‘खाष्ट’ म्हणण्यासारखं आहे.

चौथ्या महिन्यापासून मात्र बघण्यासारखं बरंच असतं. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, नाकाजवळ उग्र वासाचा बोळा धरला. साधारण २० टक्के बाळं पाठीची कमान करून हातपाय झाडत रडली. सुमारे ४० टक्के निवांत पडून बघत राहिली. पहिल्या गटातली बरीच बाळं पुढे बुजरी झाली, पण सगळी नाही. म्हणजे ठेवण असते, पण ती कपाळावर लिहिलेली रेघ नसते.

घरी असले प्रयोग करायची गरज नाही. एक वही घ्या आणि रोज रात्री चार ओळी लिहा. लंगोट बदलताना बाळ स्वस्थ पडतं की वळवळत उपडं होतं? भूक, झोप आणि शी यांच्या वेळा साधारण ठरलेल्या आहेत की रोज नवा खेळ? नाचणी सत्त्वाचा पहिला चमचा तोंडात गेल्यावर काय केलं? आणि, हे जास्त महत्त्वाचं, पाचव्या दिवशी काय केलं? पहिल्या दिवशी थुंकणं ही नव्याची प्रतिक्रिया असते, पाचव्या दिवशी खाणं हे रुळणं असतं. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मिक्सरचा आवाज, लोकरीचं टोपडं, ओली लंगोट, ट्यूबलाइटचा उजेड यातलं काय खुपतं? नाराजी कुरकुरून सांगतं की घर डोक्यावर घेऊन? रडताना खिडकीतला कावळा दाखवला तर विसरतं की कावळा बघून पुन्हा मूळ मुद्द्यावर येतं? हातातली वाटी पालथी घालायचा नाद किती वेळ पुरतो?

वहीत ‘हट्टी’, ‘लाडावलेला’, ‘नाटकी’ असले शब्द नकोत. काय घडलं तेवढंच. ‘दुपारी ४, मावशी आल्या, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं, वीस मिनिटांनी त्यांच्या बांगड्यांना हात लावला.’ एवढ्या ओळीवरून मला त्या मुलीबद्दल बरंच कळतं. ‘ती फार लाजाळू आहे’ यावरून काहीच कळत नाही.

पायरी २ : तीच वही स्वतःवर आणि घरावर उलटवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. झटपट बोलणाऱ्या, झटपट चालणाऱ्या आईला सावकाश रुळणारं मूल ‘मंद’ वाटतं. शांत, पुस्तकात रमणाऱ्या बाबाला चळवळं मूल ‘वाह्यात’ वाटतं. मुलं तीच, फक्त घरं अदलाबदल केली तर दोघांचंही कौतुक होईल.

मेळ हा समाजावरही अवलंबून असतो. थॉमस आणि चेस यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन कष्टकरी कुटुंबांकडेही पाहिलं. तिथे झोपेच्या अनियमित वेळांचा कुणाला त्रास वाटत नव्हता, कारण मूल दमलं की झोपेल अशीच घराची रीत होती. शाळा सुरू झाली आणि सकाळी उठायची वेळ आली तेव्हा तोच स्वभाव अडचणीचा झाला. शांघायमध्ये शिनयिन चेन यांच्या पाहण्यांत आणखी गंमत दिसली. १९९० साली बुजरी मुलं शिक्षकांना आणि सवंगड्यांना आवडत होती, शाळेत चांगली चाललेली होती. २००२ पर्यंत तशीच बुजरी मुलं मागे पडू लागली. एका तपात शहराला बोलकी, पुढे घुसणारी मुलं हवीशी झाली होती.

आपल्याकडेही हे बघता येईल. वाड्यात किंवा चाळीत दारं उघडी असायची, चार हातांमधून फिरणारं बाळ सगळ्यांना ओळखायचं. आता बंद दाराच्या फ्लॅटमधून एकदम चाळीस माणसांच्या बारशात नेलं की बाळ कानठळ्या बसेल असं रडतं आणि आत्या म्हणते, ‘माणूसघाणं आहे गं!’

तर वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. मुलाच्या कोणत्या वागण्याने माझं डोकं सगळ्यात पटकन फिरतं? ते वागणं खरंच घातक आहे की मला फक्त लाज वाटते? आणि ते बदलण्याऐवजी घरातली एखादी वेळ, जागा किंवा अपेक्षा बदलता येईल का? निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी ३ : पहिलं वर्ष, उसन्या शांततेचं

तान्हं बाळ स्वतःला शांत करू शकत नाही. फार तर तोंड फिरवतं, मूठ चोखतं. बाकी सगळं काम दुसऱ्याच्या अंगाच्या उबेने, आवाजाने, लयीने व्हायचं असतं. हे शेकडो वेळा झाल्यावर मग ते हळूहळू मुलाच्या अंगी उतरतं. म्हणून ‘उचलू नका, कडेवरची सवय लागेल’ हा सल्ला पहिल्या काही महिन्यांपुरता तरी मी सरळ बाजूला ठेवायला सांगते. माँट्रियलमध्ये १९८६ साली एक प्रयोग झाला. काही आयांना बाळाला रोज किमान तीन तास अंगाखांद्यावर घ्यायला सांगितलं, रडत असताना नव्हे, एरवीच. सहाव्या आठवड्यात ती बाळं दुसऱ्या बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. आपल्या आज्या हे न मोजता करत होत्या.

सहा महिन्यांनंतर शांत करण्याचा क्रम ठेवता येतो. बाळ कुरकुरलं की आधी क्षणभर थांबून बघा. मग आवाज द्या. मग जवळ जाऊन चेहरा दाखवा. मग छातीवर हात ठेवा. मग उचला. ज्या टप्प्यावर बाळ निवेल तिथे थांबा. एखादं मूल आवाजावर निवतं, एखाद्याला उचलल्याखेरीज चैन पडत नाही. दोन-तीन महिन्यांत टप्पा अलीकडे सरकायला लागतो, आणि तो सरकला की समजा, सावरणं मुलाच्या अंगात उतरतंय.

उलट बाजूही लक्षात घ्या. काही बाळांना कमी पडत नसतं, उलट जास्त होत असतं. मान वळवणं, डोळे चुकवणं, उचक्या, बोटं ताणणं, पाठीची कमान करणं, ही ‘आता पुरे’ची खूण असते. अशा वेळी खुळखुळा आणखी जोरात वाजवणारे काका मदत करत नसतात. मालिशीचंही तसंच. बहुतेक बाळांना ती आवडते, पण जोरकस हातांनी रगडून घेणं काहींना सोसत नाही. मालिशवाल्या मावशी कितीही नावाजलेल्या असोत, बाळ रोज निळंजांभळं होऊन रडत असेल तर हात हलका करायला सांगायचा, नाहीतर स्वतः लावायचं चार बोटं तेल.

किरकिऱ्या बाळाच्या आईची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सतत रडणारं बाळ माणसाला दमवतं, दमलेली आई हळूहळू बाळाशी खेळणं कमी करते, रडलं की धावते आणि गप्प असलं की ‘सुटले बाई’ म्हणून लांब होते. हे अगदी माणसासारखं आहे. नेदरलँड्समध्ये डिम्फना व्हॅन डेन बोम यांनी जन्मतःच चिडक्या असलेल्या १०० बाळांवर काम केलं, घरं गरीब होती. निम्म्या आयांना, बाळ सहा ते नऊ महिन्यांचं असताना, घरी जाऊन एवढंच शिकवलं की बाळाच्या खुणा बघायच्या, त्याला झेपेल तेवढाच प्रतिसाद द्यायचा, आणि ते शांत असतानाही त्याच्याकडे लक्ष द्यायचं. वर्षाचं होईपर्यंत या बाळांचं आईशी नातं दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी जास्त भरवशाचं झालेलं होतं. काही महिन्यांचं काम, पण जिथे अडत होतं नेमकं तिथे केलेलं.

आणि प्रत्येक वेळी अचूक ओळखायलाच हवं असं अजिबात नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आईबाळांचे व्हिडिओ क्षणाक्षणाने तपासले. चांगल्या जोड्यांतसुद्धा दोघांचा सूर थोडाच वेळ जुळलेला असतो, बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवणं चालू असतं. हे पुन्हा जुळवणं बाळ शिकत असतं.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. रडणं असह्य झालं आणि हात थरथरायला लागले, तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन या. बाळ रडेल, पण त्याला काही होणार नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो.

पायरी ४ : स्वभावाप्रमाणे हात बदला

दोन भावंडांना सारखंच वागवणं हा न्याय वाटतो, पण सारख्या वागण्याचा परिणाम सारखा होत नाही. अमेरिकेत आयोवामध्ये ग्राझिना कोहान्स्का यांनी, मुलं कुणी बघत नसताना नियम पाळतात का, हे बरीच वर्षं तपासलं. भित्र्या मुलांना हळू आवाजात, समजावून सांगितलेलं आतपर्यंत पोचत होतं. त्यांच्या मनात आधीच धाकधूक असते, त्यावर आवाज चढवला की ती घाबरतात आणि नियम बाजूलाच राहतो. निर्भय मुलांवर मात्र हळुवार बोलण्याचा फार परिणाम दिसला नाही, आणि दटावण्याचाही नाही. त्यांच्या बाबतीत कामी आलं ते आईशी असलेलं घट्ट, हसतंखेळतं नातं. अशी मुलं धाकाने ऐकत नाहीत, आपल्या माणसाशी जमलेलं असतं म्हणून ऐकतात.

आता आपला बागुलबुवा आठवा. ‘पोलीसकाका घेऊन जातील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’. भित्रं मूल रात्री दचकून उठतं आणि पुढच्या लसीला दवाखाना डोक्यावर घेतं. निर्भय मूल विचारतं, ‘कुठायत पोलीसकाका? गाडीतून नेतील?’ दोन्हीकडे वाया.

हळूहळू रुळणारं मूल. इथे दोन चुका होतात आणि दोन्ही प्रेमापोटी. एक, ‘जा की, काका काय खातायत का तुला!’ म्हणत ढकलणं. दुसरी, रडतं म्हणून कुठे न्यायचंच नाही. केगन यांच्या गटातल्या डोरीन आर्कस यांनी घरोघरी जाऊन पाहिलं, तेव्हा चटकन घाबरणाऱ्या बाळांपैकी ज्यांच्या आया गरज पडेल तिथे ठाम राहत होत्या, ज्या प्रत्येक कुरकुरीला उचलून घेत नव्हत्या, त्यांची बाळं पुढे कमी भित्री झालेली दिसली. म्हणजे नव्या गोष्टीपाशी न्यायचं, पण पायऱ्यापायऱ्यांनी. लग्नाला जायचं तर गर्दी व्हायच्या आधी पोचा. पहिला अर्धा तास मूल कडेवर राहू द्या. पाहुण्यांना सांगा, ‘आधी तुम्ही माझ्याशी बोला, ती आपोआप येईल.’ आणि ती समोर असताना ‘ही लाजाळूच आहे’ हे पालुपद बंद.

जोरात पेटणारं मूल. त्याचं हसणंही जोरात असतं हे आईबाप विसरतात. अशा मुलाला बदल आवडत नाहीत, म्हणून बदलाची आगाऊ सूचना द्या. ‘दोन घसरगुंड्या झाल्या की चप्पल घालायची’ हे ‘पाच मिनिटांत निघायचं’ यापेक्षा चांगलं, कारण तीन वर्षांच्या मुलाला मिनिटं कळत नाहीत, घसरगुंड्या मोजता येतात. सूचना दिली की निघायचंच. आणखी एक करून देणं अधूनमधून झालं तरी पुरतं, पुढच्या वेळी आरडाओरडा दुप्पट.

चळवळं मूल. त्याला बसवायच्या आधी दमवा. आमच्याकडे जेवणाआधी गच्चीवर पळापळ असते. त्याशिवाय वरणभाताचं ताट समोर ठेवण्यात अर्थ नसतो. भरवायला बसलात तर त्याच्या हातात एक काम द्या: लिंबू पिळणं, पापड मोडून वाटणं. हात गुंतले की बूड टेकतं.

अनियमित मूल. भूक आणि झोप बांधता येत नसेल तर निदान आसपासच्या गोष्टी बांधा. झोप लागो न लागो, साडेआठला दिवा मंद, पाय धुणं, तीच दोन गाणी. झोप आपल्या हातात नाही, क्रम आहे.

जे बाळ सगळ्यात जास्त त्रास देतं त्याच्यावर केलेली मेहनत सगळ्यात जास्त फळते, असंही दिसतं. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी १९९७ पासून हा मुद्दा लावून धरला आहे की चटकन अस्वस्थ होणारी मुलं वाईट वागणुकीने जास्त बिघडतात आणि चांगल्या वागणुकीने इतरांपेक्षा जास्त फुलतात. सगळ्याच अभ्यासांत हे सारखं दिसत नाही, पण दमलेल्या आईला मी हे आवर्जून सांगते.

पायरी ५ : एक ते तीन, आक्रस्ताळेपणाची वर्षं

वर्षाच्या सुमाराला मूल ‘नको’ म्हटल्यावर हात क्षणभर थांबवतं, आपल्याकडे बघतं, आणि मग तेच करतं. तो क्षण म्हणजे प्रगती. थांबण्याची ताकद आत्ताच येऊ लागलेली असते, टिकत नाही एवढंच. ती झपाट्याने वाढते तीन ते पाचच्या दरम्यान, आणि मेंदूचा कपाळामागचा भाग, ज्याच्यावर हे सगळं चालतं, तो पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. दोन वर्षांच्या मुलाने दुकानात शहाण्यासारखं वागावं ही अपेक्षा त्याच्या वयाला परवडणारी नाही.

आता तेच दुकान. किराणाच्या काउंटरवर चॉकलेटची बरणी. मूल मागतं, आई नाही म्हणते. मूल भोकाड पसरतं, रांगेतली माणसं वळून बघतात, दुकानदार म्हणतो, ‘द्या की वहिनी एक.’ आई देते. क्षणात शांतता. यात मूल शिकलं की भोकाडाला फळ येतं, हे सगळ्यांना दिसतं. आईसुद्धा शिकली की दिलं की सुटका होते, हे कुणाला दिसत नाही. ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घरांतली अशी भांडणं वर्षानुवर्षं नोंदली आणि दाखवलं की दोघं एकमेकांना असंच शिकवत जातात, पट्टी दर वेळी थोडी वर. द्यायचं असेल तर मागितल्याबरोबर, हसून द्या. नाही म्हणायचं ठरवलं असेल तर शेवटपर्यंत नाही. मधलं, रडून झाल्यावर दिलेलं चॉकलेट सगळ्यात महाग पडतं.

आक्रस्ताळेपणा सुरू झाल्यावर काय करायचं? आधी जागा सुरक्षित करा: पाण्याची बादली, टेबलाचा कोपरा. मग त्याच्या उंचीवर खाली बसा. एकच वाक्य, ‘तुला ते हवं होतं, राग आलाय.’ मग गप्प. या वेळी व्याख्यान देणं म्हणजे वाया. काही मुलांना घट्ट मिठी हवी असते, काही मुलं हात लावला की आणखी भडकतात. तुमची वही सांगेल कोणतं. दुसऱ्या प्रकारच्या मुलाशेजारी नुसतं बसून राहा. वादळ ओसरलं की पाणी द्या, तोंड पुसा आणि पुढच्या कामाला लागा. नियम होता तिथेच राहतो. कुणाला मारलं असेल तर ‘हात मारायला नाही’ एवढं सांगून, ज्याला लागलं त्याच्या जखमेवर फुंकर मारायला लावा. आपण त्याला मारून मारू नये हे शिकवता येत नाही, याबद्दल जास्त काय लिहायचं.

आणि मोबाइल. हल्ली बाळ कुरकुरलं की समोर गाणं लावून देतात, भरवतानाही तेच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, घरच्यांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडला तर. मला काळजी वेळेपेक्षा वापराची वाटते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल हेच मांडलं: शांत करण्यासाठी वरचेवर मोबाइल दिला तर भावना आणखी अनावर होत गेल्या, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि मुळातच उसळत्या स्वभावाच्या मुलांमध्ये. ज्यांना सावरण्याचा सराव सगळ्यात जास्त हवा, त्यांचाच सराव बुडतो. रेल्वेच्या लांब प्रवासात लावलं तर लावलं, रडण्यावरचं औषध म्हणून नको.

पायरी ६ : तीन ते सहा, खेळातून आवर

या वयाला शिकवणीची गरज नाही, गल्लीतले खेळ पुरतात. ‘स्टॅच्यू’ म्हटलं की थिजायचं, विष-अमृतमध्ये विष दिलं की जागचं हलायचं नाही, संगीत खुर्चीत गाणं थांबेपर्यंत कान टवकारून फिरायचं: हे सगळं थांबण्याचं शिक्षण. ‘शिवाजी म्हणतो’ तर अप्रतिम, कारण त्यात ऐकणं, लक्षात ठेवणं आणि चुकीच्या हुकुमाला न हलणं एकदम करावं लागतं. मुलं तरबेज झाली की आम्ही उलटा खेळतो. डोकं म्हटलं की पायाला हात, पाय म्हटलं की डोक्याला. शाळेसाठी मूल किती तयार आहे हे बघायला मानसशास्त्रज्ञ अशीच एक उलट्या हुकमांची चाचणी वापरतात. चळवळ्या मुलाला आधी हुकूम देणारा करा. सगळ्यांना थांबवायची गंमत कळली की तो स्वतः थांबायला लागतो.

भातुकलीला कमी लेखू नका. एरवी दोन मिनिटं न बसणारी मुलगी ‘आजारी आजी’ झाली की दहा मिनिटं पांघरुणाखाली निपचित पडते. सोंग सांभाळायचं तर मनातली ऊर्मी दाबावी लागते. लेव्ह व्यगॉत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी हेरलं होतं: खेळात मूल आपल्या वयापेक्षा वीतभर उंच असतं.

वाट बघायला शिकवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मोठ्यांचं वागणं उघडं पडतं. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचा मिठाईचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो: आत्ता एक, थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात असा त्याचा डंका पिटला गेला. २०१८ मध्ये कितीतरी जास्त मुलांवर पुन्हा तपासलं तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला त्याहून बोलका वाटतो तो २०१३ चा रॉचेस्टरचा छोटासा प्रयोग. त्यात आधी एका ताईंनी मुलांना चांगले रंग आणून देते म्हणून सांगितलं. काहींना आणून दिले, काहींपाशी रिकाम्या हाताने परत आल्या. मग मिठाई. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना थाप मिळाली होती ती जेमतेम ३ मिनिटं. मुलं फक्त २८ होती, पण फरक मोठा होता.

पाळणाघराच्या दारात मी हेच रोज बघते. ‘आलेच हं गाडी लावून’ म्हणून सटकणाऱ्या आईचं मूल आठवडे उलटले तरी दाराला चिकटून असतं. ‘मी ऑफिसला जातेय, दूध पिऊन झालं की येईन’ असं सांगून, मूल रडत असताना टाटा करून जाणाऱ्या आणि खरंच दुधानंतर येणाऱ्या आईचं मूल आधी रडतं, मग हळूहळू दुधाच्या पेल्याकडे बघत थांबायला शिकतं. तेव्हा थोडंच कबूल करा आणि केलेलं पाळा.

पायरी ७ : हा स्वभाव नाही, अशी शंका कधी घ्यावी

वर्षाचं झालं तरी नावाला ओ देत नाही, डोळ्यांत बघत नाही. दीड वर्षापर्यंत बोट दाखवत नाही, एकही शब्द नाही. येत असलेले शब्द किंवा हसणं बंद झालं. तीन-चार महिन्यांनंतरही रडणं तासन्‌तास थांबत नाही किंवा वजन वाढत नाही. चार-पाच वर्षांचं मूल घरी, शाळेत, मामाकडे, सगळीकडेच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतं. यांपैकी काही दिसलं तर ‘मोठा झाला की होईल’ म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत तपासणी होते.

आणि आईकडे बघा. भारतात साधारण पाच बाळंतिणींमागे एकीला बाळंतपणानंतरचं नैराश्य येतं. झोपायला वेळ मिळूनही झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, आपण नसतो तर बरं असं वाटणं, याला ‘ओली बाळंतीण आहे, होतं असं’ म्हणून सोडू नये. तिच्यावर उपचार झाले की बाळाचं रडणंही सोपं वाटू लागतं.

पायरी ८ : वही पुढे द्या

पाळणाघरात, बालवाडीत किंवा आजोळी मूल पहिल्यांदा ठेवताना अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या. आम्हाला जन्मतारखेपेक्षा तिचा जास्त उपयोग होतो. मला मिळालेल्या चांगल्या चिठ्ठ्या साधारण अशा असतात: ‘नवीन जागी पहिले दोन-तीन दिवस कोपऱ्यात उभा राहतो, बोलावू नका, जवळ ठोकळे ठेवा. मिक्सर लावायच्या आधी सांगा, कान झाकून घेतो. रडायला लागला तर उचलू नका, शेजारी बसा. भात आवडतो, पण वरण त्यावर ओतलेलं चालत नाही, वेगळ्या वाटीत द्या. घ्यायला साडेपाचला आजोबा येतील. उशीर होणार असेल तर फोन करू, त्याला तसं सांगा.’